आत्याची भट्टी आणि शिट्टीची गाडी

आत्यानं सख्ख्या भावाला विटांच्या भट्टीत घातलं आणि बाहेरून कडी लावली, अशी बातमी गल्लीत आली तेव्हा फारसं कुणी दचकलं नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून ती सांगितली. गिऱ्हाइकानं गालावरच्या फेसासकट घर गाठून बायकोला सांगितली. जेवणवेळेपर्यंत बातमीतल्या भावाच्या भुवया जळाल्या, मिशी गेली आणि तो आतून "ताई, ताई" करून ओरडत होता, इथवर तिची वाढ झाली. एकानं तर विचारलं, "नीट भाजला का? की मधे कच्चा राहिला?"

आता खरं काय ते सांगायला हवं. त्या भट्टीला कडी नाही, कारण दारच नाही. कच्च्या विटा आत रचून झाल्या की तिचं तोंड विटांनीच बंद करतात, वरून चिखल लिंपतात, आणि सगळं भाजून निवलं की फोडतात. भाऊ आपल्या पायांनी आत गेला होता. आत्या फक्त तोंडाशी उभी होती. हातात लोखंडी सळई होती, पण ती नेहमीच असते. भाऊ पाटी घेऊन बाहेर आला की ती पाटीत बघायची आणि म्हणायची, "अजून असतील. बघ." की भाऊ पुन्हा आत. दिवसभर हे चाललं. याला कोंडणं म्हणत नाहीत. काय म्हणतात ते आत्याला विचारायला गल्लीतलं कुणी तयार नाही.

आत्या तशी एका भाचीची सोडून कुणाचीच आत्या नाही. ती भाची लहानपणी दारात उभी राहून "आत्याऽऽ" अशी हाक मारायची की तीन घरं सोडून मांजर उठायचं. भाची लग्न होऊन गेली, हाक मागे राहिली, आणि आता पोस्टमनसुद्धा आत्याच म्हणतो. उंची बेताची, आवाज बेताचा नाही. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरे डाग. डोळे कायम बारीक केलेले, समोरच्या माणसाच्या आतही काही नीट जळतंय का ते बघत असल्यासारखे. बहुतेकांच्या आत तिला नुसता धूर दिसतो, आणि ती तसं सांगते.

तिचा बाप विटांच्या कारखान्यात आगवाला. भट्टी पेटवणं, आग वाढवणं, उतरवणं, सगळं त्याच्या हातात. हे काम मुलानं उचलावं अशी त्याची फार इच्छा. पण खाणीतून माती आणायला आणि तयार विटा न्यायला कारखान्याची आपली एक छोटी रेल्वे होती, दीड हात रुंदीचे रूळ, त्यावर लहानसं इंजिन आणि मागे लोखंडी ढकलगाड्या. मुलाला चालता यायला लागलं तसे त्याचे पाय तिकडेच वळायला लागले. भट्टीजवळ नेला की रडायचा, इंजिनाजवळ नेला की हसायचा. बापानं बरीच वाट पाहिली, आणि शेवटी चडफडत मुलीला म्हणाला, "चल, तूच बघ. याच्या डोक्यात शिट्टी शिरली आहे." तेव्हापासून त्या मुलाचं नाव शिट्टी पडलं. आता त्याचे केस पिकले, तरी वळणावळणावर तो इंजिनाची शिट्टी अशी काही वाजवतो की नाव बदलायचा विषय निघत नाही.

आत्याचं लग्न झालं होतं. टिकलं नाही. चूल कशी पेटवायची यावरून तिचं सासूशी वाजलं. आत्याचं म्हणणं, लाकडं अशी कोंबली तर हवा जाईल कुठून? सासूचं म्हणणं, मी तुझ्या जन्माआधीपासून कोंबते आहे. नवरा मध्ये पडला आणि म्हणाला, चूलच तर आहे. आत्या त्याच आठवड्यात परत आली. "चूलच तर आहे म्हणाला" एवढंच तिनं घरी सांगितलं, आणि बापाला तेवढं पुरलं.

तर तो कारखाना बंद पडला. बाप गेला. बऱ्याच वर्षांनी तिथे संग्रहालय झालं. फाटकावर मोठी पाटी आहे, छोट्या औद्योगिक रेल्वेचं आणि वीटकामाच्या वारशाचं संग्रहालय अशी, आणि त्यातलं 'आणि'च्या पुढचं वाचायला आत्याच्या मते चष्मा लागतो. पाटीवर इंजिनाचं चित्र आहे. विटेचंही आहे म्हणतात. इंजिनाच्या चाकाखाली काहीतरी तांबडं आहे, ते बहुधा तेच.

शिट्टी तिथे गाडी चालवतो. त्याच्या हाताखाली रविवारी रविवारी निळे डगले घालून हौशी मंडळी येतात. त्यांत एक दातांचा डॉक्टर आहे, एक गणिताचा मास्तर आहे, एक बँकेतला. आठवडाभर दुसऱ्यांना छळून झालं की रविवारी ते इंजिनाला फडक्यानं पुसतात, तेल देतात, त्याच्याशी गोड बोलतात. इंजिनाच्या शेडमध्ये पंखा आहे, दिवे आहेत, दाराशी फुलांच्या कुंड्या आहेत. भट्टीपाशी एक फळी आहे, तिच्यावर लिहिलंय, आत जाऊ नये.

भट्टी आत्याकडे. वर्षातून एकदा ती पेटवायची, येणाऱ्यांना दाखवायची, बाकी वर्षभर झाडून ठेवायची. येणारे तिकीट काढतात आणि विचारतात, गाडी कधी सुटते? भट्टीविषयीही विचारतात. तिच्या गोल कमानीकडे बोट दाखवून विचारतात, "बाई, बायकांचं स्वच्छतागृह हेच का?" आत्या सुरुवातीला नाही म्हणायची. हल्ली म्हणते, "हो, जा. कडी नाही, पण कुणी येत नाही."

रागाचं खरं कारण मात्र वेगळं होतं. भट्टीच्या तोंडावरची कमान ढासळत चालली होती. विटा झडल्या, मधला एक भाग खाली बसला, आणि गवंड्यानं लाकडी टेकू देऊन ती कशीबशी तोलून धरली. संग्रहालयाचे अध्यक्ष आले, त्यांनी मान तिरकी करून बघितलं, आणि पुढच्या सभेत गोड आवाजात सांगितलं की हे धोक्याचं आहे. पावसाळ्याआधी कमान पक्की झाली तर उत्तम. नाही झाली तर नाइलाजानं भट्टी उतरवावी लागेल. आणि मग, जागा मोकळी होतेच आहे तर, तिथून रूळ फिरवून घेता येतील. म्हणजे गाडीला जाऊन पुन्हा उलटं यावं लागणार नाही, गोल फिरता येईल. लहान मुलांना गोल फिरायला आवडतं.

"त्यांना घरी खाटेभोवती फिरवा," आत्या म्हणाली.

अध्यक्ष हसले. ते पूर्वी कुठल्यातरी मोठ्या हुद्द्यावर होते आणि तिथून ते हसणं घेऊन आले आहेत. कुणी काही बोललं की ते हसतात, आणि बोललेलं कागदावर येत नाही.

आत्याची अडचण अशी. कमानीला लागणारी वीट सरळ नसते. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती, पाचरीसारखी. तशी कुणी विकत नाही. सरळ विटा लावून मधल्या फटी चुन्या-सिमेंटनं भरल्या तर पहिल्याच आगीत ते सगळं भुगा होऊन खाली येईल. म्हणजे वीट इथेच पाडायला हवी. बापाचा लाकडी साचा होता, तो आत्याच्या पलंगाखाली. माती मात्र खाणीतलीच हवी, आणि खाण बुजवून तिथे संग्रहालयानं गाड्या लावायची जागा केलेली. आत्यानं त्या जागेच्या कडेकडेनं, कुंपणाखालून, डांबराच्या पलीकडून उकरून उकरून माती जमवली. मोटारीवाले विचारायचे, बाई काय हरवलं? ती म्हणायची, "तुमची अक्कल. सापडली तर देते." एका भट्टीपुरती माती निघाली. त्याच्या पुढे मुरूम लागला. याचा अर्थ एवढाच, की एकदाच भाजायचं, ते साधलं तर भट्टी राहील, बिघडलं तर तिच्या जागेवरून गाडी गोल फिरेल.

तिनं विटा पाडल्या. सावलीत वाळवल्या. घरात निजायच्या खोलीतही रचल्या, कारण बाहेर ऊन लागून तडकतील अशी भीती. भावजय बिचारी विटांच्या रांगेतून वाट काढत स्वयंपाकघरात जायची.

"वन्सं, पायाला लागली एखादी तर?"

"तर पाय धुऊन घे आणि वीट मला दाखव."

भावजय वाईट नाही. तिनं मनातल्या मनात नवऱ्याला दोष दिला, आणि तो तिनं पुष्कळ वर्षं दिलेला असल्यामुळे तिला जड गेलं नाही.

टेकू बाहेरच्या अंगाला होता, एक आग त्यावर निभावली असती. भट्टी पेटली. आता इथे एक गोष्ट कळायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. कच्ची वीट वाळली असं वाटतं, पण तिच्या पोटात पाणी असतंच. ते आधी हळूहळू बाहेर काढावं लागतं. आगवाले त्याला विटेचा घाम काढणं म्हणतात. त्या वेळी आग अगदी मंद ठेवायची, धुरांड्याची झडप जवळजवळ मिटलेली, आणि भट्टीतून दाट, पांढरा, सुस्त धूर निघत राहतो. दिसायला फार वाईट दिसतं. आग विझत चालली आहे असं वाटतं. आत्या मधूनमधून गार सळई लिंपलेल्या तोंडातल्या भोकातून आत घालायची आणि बाहेर काढून बघायची. सळईवर ओल आली, म्हणजे विटा अजून घामेजलेल्या आहेत. सळई कोरडी आली की मगच झडप उघडायची आणि आग वाढवायची. घाई केली तर पोटातल्या पाण्याची वाफ होते, आणि वीट फुटते.

रात्रभर ती जागी होती. सकाळ झाली, सळई ओलीच. रविवार होता. भावजय डबा घेऊन यायची ती आली नाही, कारण डब्याचं झाकण घरात सापडेना. आत्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले. तेवढ्यात शिट्टी गाडी लावून आला.

"ताई, जा जेवून ये. मी आहे."

"तू आहेस हेच तर."

"अगं, नुसतं बसायचंय ना?"

"नुसतं बसायचं. कशाला हात लावायचा नाही. शिट्टीसुद्धा वाजवायची नाही."

ती गेली. आणि शिट्टी खरोखरच बसला. त्याचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणत नाही, आत्यासुद्धा नाही, आणि आत्या हेतूंविषयी उदार नाही. पण वारा फिरला. तो दाट पांढरा धूर जमिनीसरपट गेला तो थेट गाडीवर. गाडीत पोरं, आयाबाया, आणि पहिल्या डब्यात अध्यक्ष. सगळे खोकायला लागले. अध्यक्षांनी रुमालातून हाक मारली, "शिट्टी, अरे हा धूर काय हा? लाज आहे की नाही?"

आता इंजिनवाल्याला शिव्या द्या, तो ऐकून घेईल. त्याला धुरावरून बोलू नका. तो लहानपणी ज्या उस्तादाकडे शिकला, तो उस्ताद धुरांड्यातून दाट धूर दिसला की कानाखाली वाजवायचा. कोळसा वाया जातो, वाफ चढत नाही, आणि लांबूनच कळतं की इंजिनावर कुणी गाढव बसलंय. दाट धूर दिसला की हवा दे, झडप उघड, हे शिट्टीच्या हातात इतकं मुरलेलं आहे की त्याला डोक्याला विचारायची गरज पडत नाही. तो उठला. झडप पूर्ण उघडली. वर दोन पाट्या कोळसा टाकला.

भट्टीनं मोठा श्वास घेतला. धूर पातळ झाला, मग निळसर, मग दिसेनासा. भोकातून आत छान पिवळी आग दिसायला लागली. गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी रुमाल खिशात ठेवला आणि दोन बोटं वर करून शाबासकी दिली.

आत्या परत आली तेव्हा शिट्टी भट्टीशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"बघ ताई, कसं स्वच्छ जळतंय! तुझा धूर मी पाक घालवला."

आत्यानं भट्टीकडे कान दिला. आतून आवाज यायला लागले होते. आधी एक, फट्. मग थोडं थांबून दोन. मग एकामागून एक, कढईत काहीतरी तडतडावं तसे. प्रत्येक आवाजाला शिट्टीच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक पायरी खाली उतरत गेलं.

"ताई, हे काय वाजतंय?"

"माझ्या विटा," आत्या म्हणाली. "टाळ्या वाजवताहेत. तुला."

मग ती बोलायला लागली. ती जे बोलली ते सगळं छापता येणार नाही. त्यात शिट्टीचं बालपण आलं, त्याचं इंजिन आलं, इंजिनाची आई आली, दातांचा डॉक्टर विनाकारण आला. गाडीतल्या आयांनी पोरांचे कान झाकले आणि स्वतःचे उघडे ठेवले. अध्यक्ष डब्यातून उतरून म्हणाले, "बाई, चूक होते माणसाकडून, शेवटी विटाच आहेत." तेव्हा आत्यानं सळई त्यांच्या दिशेनं नुसती वळवली, आणि गाडी वेळेआधी सुटली.

भट्टी निवायला वेळ लागतो. तेवढे दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, म्हणजे आत्या बोलत होती आणि बाकीचे दोघं ऐकत होते. तोंड फोडायच्या दिवशी शिट्टी पहाटे तिच्याआधी जाऊन उभा राहिला. पाटी घेऊन तो आत शिरला, आणि गल्लीत कडीची बातमी झाली ती तीच. आत ऊब होती, राखेनं घसा धरत होता, आणि ओणवं होऊन ढिगात हात घालावा लागत होता. तो चांगल्या विटा शोधत होता. पाटीत यायचे ते तुकडे. अर्धी वीट, पाव वीट, पापुद्रा निघालेली, मधोमध चिरलेली. "अजून असतील. बघ." तो पुन्हा आत. अगदी कोपऱ्यात, आगीपासून लांब होत्या तेवढ्या मूठभर विटा शाबूत निघाल्या. त्या त्यानं हातानं पुसून आत्याच्या पायाशी एकाशेजारी एक मांडल्या. कमानीचा कोपराही भरला नसता.

"ताई, मारायचं तर मार."

"मारून वीट होत असती तर तुझी केव्हाच केली असती," आत्या म्हणाली आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी माणसं पाठवून भट्टीभोवती पांढऱ्या चुन्याची रेघ मारली. रूळ कुठून फिरायचे त्याची. रेघ भट्टीच्या पोटातून जात होती. ती बघितल्यावर आत्या तडक इंजिनाच्या शेडकडे गेली. जाताना तिच्या हातात एक फुटकी पाचरी वीट होती. ती भावाच्या डोक्यात घालायची की इंजिनाच्या, हे तिचं ठरलेलं नव्हतं, असं ती स्वतःच सांगते.

शिट्टी इंजिनाखाली होता, फक्त पाय दिसत होते. आत्या दारात उभी राहिली, शिवी द्यायला मान वर केली, आणि शिवी तोंडातच राहिली. दाराच्या वर कमान होती. रोज तिच्याखालून माणसं जातात, गाडी जाते. तिच्यावर फुलांचा वेल चढवलेला, वर दिव्यांची माळ. आत्यानं एक पेटी ओढली, वर चढली, वेल बाजूला सारला आणि हातातली फुटकी वीट कमानीतल्या विटेला लावून बघितली. तीच जाडी, तोच उतार. तोच पलंगाखालचा साचा. कारखान्यानं शेड बांधली तेव्हा विटा कुठून आणल्या असतील, भट्टीच्या ढिगातूनच ना! माती खाणीतली, आणि आगवाला तेव्हा एकच होता.

"उठ," ती भावाच्या पायांना म्हणाली. "तुझं इंजिन बाहेर काढ."

शिट्टी बाहेर आला. त्याला सगळं समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला.

"माझी शेड पाडणार तू?"

"शेड कोण पाडतंय! शेड तुझी, ठेव. कमान माझी आहे, ती नेते."

"आणि दाराला काय लावू मी?"

"पत्रा लाव. तुझ्या इंजिनाला काय, त्याला भाजायचंय थोडंच?"

"ताई, ही इतकी वर्षं इथं आहे. लोक हिच्यासमोर फोटो काढतात."

"आणि माझ्या कमानीसमोर स्वच्छतागृह शोधतात. बास झाले फोटो."

"अध्यक्ष पोलिसांत देतील."

"देऊ देत. पोलिसांना मी सांगेन, माझ्या भट्टीचा माल यांच्या दारावर सापडला." ती पेटीवरून उतरली. आवाज जरा खाली आला, आणि शिट्टीला तो जास्त लागला. "तू झडप उघडलीस. मी उघडली नव्हती. आता तुझ्याकडे दुसरं काय आहे द्यायला?"

शिट्टी गेला तो इंजिनाच्या पायरीवर बसला. निळ्या डगल्यातला गणिताचा मास्तर आला आणि म्हणाला, "आपण सभेपुढे विषय ठेवू." शिट्टीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मास्तर कापूस घेऊन पितळ पुसायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गवंड्याला घेऊन आली. भट्टीचा लाकडी टेकू, शिडी, छिन्नी, सगळं खांद्यावर. शेड उघडी होती, इंजिन बाहेर काढून लांब उभं केलेलं. शिट्टीनं सामानाची सपाट गाडी ढकलत आणून बरोबर कमानीखाली थांबवली होती आणि तिच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले होते. वर उभं राहिलं की कमान हाताशी येत होती. दिव्यांची माळ काढून, वेल हलक्या हातानं कडेला बांधून तो बाजूला उभा होता. डोळे लाल होते. आत्यानं ते बघितले.

"तिकडे लांब काय उभा राहिलास? टेकू धर."

गवंडी छिन्नीनं एकेक वीट सोडवायचा, आत्या तिच्यावरचा चुना खरवडायची, वाजवून बघायची, खण्ण आवाज आला की सपाट गाडीवर ठेवायची. रांगा लागत गेल्या. उन्हं चढेपर्यंत कमान उतरली, शेडचं दार दात पडल्यासारखं दिसायला लागलं. शिट्टीनं ठोकळे काढले, इंजिन जोडलं आणि गाडी भट्टीकडे निघाली.

त्या दिवशी शाळेची सहल आली होती. गाडी विटा भरून येताना दिसली तशी पोरं रुळांच्या कडेला धावली. संग्रहालय झाल्यापासून त्या रुळांवरून माणसं सोडून काही गेलंच नव्हतं. पोरांचे मास्तर फोटो काढायला लागले. बातमी ऐकून अध्यक्ष धापा टाकत आले, ते ओरडायलाच. पण समोर पन्नासेक पोरं टाळ्या वाजवत होती आणि चार फोन त्यांच्याकडे वळले होते. अध्यक्षांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नेहमीचं ते हसू काढलं. वळणावर शिट्टी वाजवायची राहिली. आत्यानं पाठीमागून ओरडून आठवण केली, "आता वाजव की मेल्या, आता लाज वाटते होय!"

कमान बसली. गवंड्यानं मधली वीट ठोकून टेकू काढला, आणि आत्या खाली उभी राहून सळईनं प्रत्येक विटेला टकटक करत राहिली, वैद्यानं छाती तपासावी तशी. इंजिनियर येऊन बघून गेला, पक्कं आहे म्हणाला. चुन्याची रेघ आत्यानं स्वतः पाणी ओतून घालवली. गाडी अजून जाते आणि उलटी येते.

पण अध्यक्षांना गप्प बसवत नव्हतं. त्यांनी भट्टी पुन्हा पेटवायचा समारंभ ठेवला. मांडव, खुर्च्या, निळे डगले पहिल्या रांगेत, आणि शेडच्या दाराला नवा पत्रा. भाषणात त्यांनी सांगितलं की हा त्यागाचा क्षण आहे. रेल्वेनं स्वतःच्या माथ्यावरचा मुकुट उतरवून आपल्या धाकट्या बहिणीला, वीटभट्टीला, दिला. असं औदार्य आजकाल दिसत नाही. पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरनं डोळे पुसले. शिट्टी मागे खांबाला टेकून उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले, कारण त्याला पुढचं कळलं होतं. भावजय पुटपुटली, "आता वन्सं काय ते बोलतील."

अध्यक्षांच्या हातात फुलांचा हार होता. तो इंजिनाला घालायचा होता. त्यांनी तो आत्याच्या हातात दिला, ध्वनिक्षेपक तिच्यापुढे केला आणि म्हणाले, "आता आमच्या आत्यांनी रेल्वेला हा हार घालावा आणि आभाराचे दोन शब्द बोलावेत."

आत्यानं हार खुर्चीवर ठेवला. ध्वनिक्षेपकाची तिला गरज नव्हती, तरी तिनं तो तोंडाजवळ ओढला.

"आभार कसले? विटा माझ्या बापानं भाजलेल्या, भट्टीच्या. रेल्वेनं त्या नेल्या होत्या, आता आणून टाकल्या. हमालानं ओझं जागेवर टाकलं तर त्याला हमाली देतात, हार घालत नाहीत. आणि हमाली मी देणार नाही. माझी एक भट्टीभर वीट फोडलीय त्यानं."